इंग्रजीच्या शिक्षकाला इंग्रजी कोण देणार?

शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा, पहिला पेपर दीडशे गुणांचा असतो. बालविकास, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांचे प्रत्येकी तीस प्रश्न. मराठी माध्यमाच्या उमेदवाराची दुसरी भाषा बहुधा इंग्रजी. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, त्यातला बरोबर गोल काळा करायचा. अडीच तासांनी उत्तरपत्रिका गोळा होतात. तेवढ्या वेळात उमेदवाराच्या तोंडून इंग्रजीचा एक शब्दही निघालेला नसतो आणि त्याच्या कानावरही इंग्रजीचे एक वाक्य पडलेले नसते. हाच उमेदवार पुढे पेठ तालुक्यातल्या एखाद्या दोनशिक्षकी शाळेत रुजू होतो आणि पहिलीच्या मुलांसमोर इंग्रजीचे पुस्तक उघडतो. त्या मुलांनी जिवंत माणसाकडून ऐकलेले पहिले इंग्रजी त्याचे असते. पुष्कळांच्या बाबतीत पुढची चार वर्षे तेवढेच असते.

मराठी शाळांतल्या इंग्रजीबद्दल आपल्याकडे भरपूर बोलले गेले आहे. माध्यम कोणते असावे, इयत्ता कोणती असावी, मराठीवर काय परिणाम होईल, यावर सभा झाल्या, अग्रलेख लिहिले गेले. शिकवणाऱ्या माणसाची तयारी कशी होते, हा प्रश्न मात्र कायम शेवटच्या परिच्छेदात राहिला. नाशिक जिल्हा नजरेसमोर ठेवून त्याच प्रश्नाचा हा आढावा.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते जून २००० मध्ये, प्रा. रामकृष्ण मोरे शालेय शिक्षणमंत्री असताना. त्याआधी मराठी शाळेतले मूल पाचवीत एबीसीडी गिरवू लागे आणि त्याहीआधी, मुंबई राज्यात, आठवीत. इयत्ता खाली खाली येत गेली. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ तयार होताना इंग्रजीच्या अध्यापनावर जो आधारनिबंध लिहिला गेला, त्याने एक गोष्ट सरळ मान्य केली होती: इंग्रजी केव्हा सुरू करावे हा आता शिक्षणशास्त्राचा प्रश्न उरलेला नाही, लोकांच्या आकांक्षांनी तो सोडवून टाकला आहे. हे खरेच होते. शेतमजूर आईला आपल्या मुलीला इंग्रजी यावे असे वाटते, त्यात चूक काहीही नाही. पण पहिलीत इंग्रजी आले त्या दिवशी वर्गात उभे असलेले गुरुजी आणि बाई स्वतः पाचवीत किंवा आठवीत इंग्रजी शिकलेले होते, तेही ओळ वाचायची आणि मराठीत अर्थ सांगायचा या रीतीने. थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणावर त्यांना पहिलीच्या वर्गात उभे केले गेले.

जुन्या रीतीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना इंग्रजी वाचायला शिकवले. नाशिकच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात शिकलेल्या वि. वा. शिरवाडकरांनी शेक्सपिअर मराठीत आणला, ‘राजमुकुट’ आणि ‘ऑथेल्लो’ लिहिले, आणि त्यांचाच जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळतो. मराठीचे पक्के बूड आणि त्यावर वाचून कमावलेले इंग्रजी, असा तो रस्ता होता. पण त्या रस्त्याने थोडे जण चालत आणि ते मोठ्या वयात चालत. सहा वर्षांच्या मुलाला भाषांतर पाठमाला देता येत नाही. त्याला भाषा कानांनीच घ्यावी लागते, म्हणजे कोणीतरी ती बोलावी लागते.

आणखी एक हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो. २००० साली पहिलीत असलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. त्यांतले काही पवित्र पोर्टलवरून निवड होऊन आज जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवत आहेत. पहिलीपासून इंग्रजी शिकलेली ही शिक्षकांची पहिली पिढी. ती आधीच्या पिढीपेक्षा खूप मोकळेपणाने इंग्रजी बोलणारी असायला हवी होती. तिच्या इंग्रजीची घडण मात्र ज्या वर्गांत झाली, त्या वर्गांतल्या शिक्षकांची तयारी आपण केलेलीच नव्हती.

आता नकाशा पाहू. नाशिक जिल्हा पंधरा तालुक्यांचा आणि कितीतरी भाषांचा. शहरात गंगापूर रोडवरच्या मुलाला इंग्रजी घरात, फोनवर, दुकानात भेटते. सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतले मूल आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन इंग्रजी शाळेत घातलेले असते, घरी मात्र त्याच्याशी इंग्रजी बोलणारे कोणी नसते. मालेगावात उर्दू शाळांतली मुले उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सवय घेऊन इंग्रजीकडे येतात. बागलाण, देवळा, कळवणच्या घरांत अहिराणी. सुरगाणा आणि पेठमध्ये कोकणा बोलली जाते, शेजारच्या पाड्यावर वारली. तिथे शाळेची मराठी हीच मुलाला शिकावी लागणारी पहिली नवी भाषा असते, तिच्याबरोबरच पहिलीत इंग्रजी येते, आणि पुढच्या वर्गांत हिंदी. दहावीच्या बोर्डाच्या लेखी मराठी माध्यमाच्या मुलाचे इंग्रजी ‘तृतीय भाषा’ असते. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात ती ‘द्वितीय भाषा’. सुरगाण्याच्या वर्गात ती खरोखर परकी भाषा आहे. ज्या भाषेचा समाजात वावर आहे ती द्वितीय आणि जिचा वावर नाही ती परकी, असा भेद भाषाशिक्षणात फार पूर्वीपासून केला जातो. आपल्याकडे एकाच जिल्ह्यात साठ-सत्तर किलोमीटरवर हा भेद पडतो, आणि पुस्तक, तासिका, प्रशिक्षण मात्र सगळीकडे तेच. बाईंची बदली निफाडहून सुरगाण्याला झाली की विषय बदलत नाही, पण काम पूर्ण बदलते. याची कल्पना त्यांना कोणत्याही अभ्यासक्रमाने दिलेली नसते.

इंग्रजीचा वावर मात्र कधीकधी अनपेक्षित ठिकाणी सापडतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात निरक्षर मजूरसुद्धा क्रेट, पॅकहाऊस, कंटेनर, स्प्रे, ड्रिप, एक्स्पोर्ट हे शब्द दिवसभर वापरतात. रेसिड्यू जास्त निघाला तर माल परत येतो, हे बागायतदाराच्या घरातल्या पोराला माहीत असते. छाटणीच्या हंगामात पेठ-सुरगाण्याहून कुटुंबे इकडे येतात, तेव्हा त्यांची मुलेही हे शब्द उचलतात. ज्या शिक्षकाला हे दिसते त्याच्या पहिल्या इंग्रजी तासासाठी पन्नास शब्द आधीच तयार आहेत, ॲपल आणि इग्लूच्या तक्त्याची त्याला गरज नाही.

शिक्षक घडवण्याच्या व्यवस्थेत यातले काय शिकवले जाते? प्राथमिकसाठी पूर्वीचे डीएड, आताचे डीएलएड. माध्यमिकसाठी बीएड, जे २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आणि ज्यात शाळेतला अनुभव वीस आठवड्यांचा ठरवला गेला. ही सुधारणा चांगली होती. बीएडमध्ये छात्राध्यापक दोन ‘मेथड’ घेतो, उदाहरणार्थ इंग्रजी आणि इतिहास. सूक्ष्म अध्यापनात तो प्रश्न विचारण्याचे कौशल्य, फलकलेखनाचे कौशल्य असे एकेक कौशल्य सुटे करून सहकाऱ्यांसमोर दाखवतो. पाठ टाचणे सुंदर अक्षरात, रंगीत शाईने लिहिली जातात. उच्चारशास्त्राच्या घटकात जीभ दातांना कुठे टेकते याची आकृती काढावी लागते. स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकणे, पाच मिनिटे न थांबता सोप्या इंग्रजीत गोष्ट सांगणे, याला गुण नसतात. सगळा अभ्यासक्रम हे गृहीत धरतो की उमेदवाराला इंग्रजी येते आणि आता फक्त शिकवायची पद्धत द्यायची आहे. इंग्रजी मेथड घेणाऱ्या कितीतरी मुलामुलींना स्वतःला इंग्रजी बोलायची भीती वाटते. या भीतीवर दोन वर्षांत कोणी हात ठेवत नाही.

प्राथमिकची अडचण आणखी खोल आहे. पहिली ते पाचवी वर्गशिक्षकच सगळे विषय घेतो, त्याला इंग्रजीची आवड असो वा नसो. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्याने विषयवार शिक्षक सांगितले, पण कसे? एक गणित-विज्ञानाचा, एक सामाजिक शास्त्रांचा आणि एक भाषांचा. मराठी घेऊन पदवी मिळवलेले सर ‘भाषा शिक्षक’ म्हणून येतात आणि मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही त्यांच्या गळ्यात पडतात. कायद्याच्या मसुद्यात हे वाक्य लिहिताना भाषा म्हणजे भाषा, कोणतीही, असे कोणाला तरी वाटले असावे. त्याची किंमत वर्गातली मुले आणि ते सर, दोघेही मोजत आहेत.

नाशिकमध्येच १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. नोकरी सांभाळून बीएड करणाऱ्या शिक्षकांसाठी त्याने मोठे दार उघडले, खेड्यातल्या शिक्षिकांना तर फारच. स्वयं-अध्ययनाच्या पुस्तकांतून शिक्षणाचे तत्त्वज्ञान, मूल्यमापन, मानसशास्त्र नीट पोचवता येते. बोलती भाषा पुस्तकातून पोचत नाही, ती संपर्कसत्रात किंवा कानाला लावलेल्या ध्वनिमुद्रणातूनच पोचेल. दूरशिक्षणाची ही मर्यादा आहे, आणि आज प्रत्येक शिक्षकाच्या खिशात फोन असल्यामुळे तिच्यावरचा उपायही हाताशी आहे.

प्राथमिक शिक्षकाला नेमके किती इंग्रजी लागते? मला वाटते, हा प्रश्न आपण फार मोघम ठेवला म्हणून भीती वाढली. त्याला शेक्सपिअर लागत नाही, वर्तमानपत्राचा अग्रलेखही लागत नाही. वर्ग चालवण्याची शे-दोनशे वाक्ये सहज तोंडात हवीत: इकडे ये, उघड, दाखव, आता कोणाची पाळी, मग काय झाले, तुला काय वाटते. चित्रांचे पुस्तक मोठ्याने, हावभावांसह वाचता यायला हवे. आणि तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. मूल मोडकेतोडके बोलते तेव्हा तेच वाक्य नीट करून, न रागावता, त्याला उत्तर म्हणून परत देता यायला हवे. मुलगी म्हणते, ‘बाई, बुक गिव्ह.’ तयार शिक्षिका पुस्तक पुढे करत म्हणते, ‘यू वॉन्ट द बुक? हिअर इज द बुक.’ मुलीला पुस्तक मिळाले आणि वाक्यही मिळाले, तिची चूक कोणी मोजली नाही. ज्यांच्या तोंडात वाक्ये तयार नसतात त्या बाई ‘असं नाही म्हणायचं’ एवढेच म्हणू शकतात, आणि मग मुलगी पुढच्या वेळी ‘बाई, पुस्तक द्या’ म्हणते. यात बाईंचा दोष नाही. त्यांना ती वाक्ये कोणी दिलीच नव्हती.

पद्धतीबद्दल वाद पुष्कळ आहेत. त्यातला आपल्या सर्वांत जवळचा प्रयोग एन. एस. प्रभू यांचा. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत, बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखल्या गेलेल्या कामात, त्यांनी व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवले आणि मुलांना इंग्रजीतून सोडवायची कामे दिली: नकाशावर वाट शोधणे, वेळापत्रक वाचणे, हिशेब लावणे. लक्ष अर्थावर राहिले की भाषेची रचना आपोआप बसत जाते, हा त्यामागचा विचार. नाशिकच्या शिक्षकाला त्यासाठी परदेशी साहित्य नको, जवळच्या स्थानकावरचे एसटीचे वेळापत्रक पुरे. सुरगाण्याची शेवटची गाडी किती वाजता, ती चुकली तर पुढची कधी, दिंडोरीला उतरायचे तर कोणत्या गाडीत बसायचे. पण हे काम चालते ते शिक्षक मुलांशी सतत, सहज इंग्रजीत बोलू शकतो तेव्हाच. त्याचे इंग्रजी आटले की तास पुन्हा ओळ वाचा, अर्थ सांगा यावर येतो. पुढे १९९० साली प्रभूंनीच लिहिले की सर्वांसाठी एकच उत्तम पद्धत नसते. आपण जे करतो ते का करतो, हे शिक्षकाला आतून पटलेले असणे त्यांना महत्त्वाचे वाटले. प्रशिक्षणांच्या बॅनरवर दरवर्षी नव्या पद्धतीचे नाव बदलत असताना मला हे पुन्हा पुन्हा आठवते.

मराठी वर्गाबाहेर ठेवावी का? मुळीच नाही, आणि इथे मला आपल्या तयारीतली सर्वांत मोठी उणीव दिसते. मराठी आणि इंग्रजी शेजारी ठेवून पाहायला शिक्षकाला कोणी शिकवत नाही. मुलांना सांगतात की इंग्रजी फार विचित्र, एका अक्षराचे दोन आवाज. पण मराठी मुलाला हे नवीन कुठे आहे? ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च एक नाहीत. ‘जीव’ आणि ‘जाळे’, ‘झेंडा’ आणि ‘झाड’ यांचेही तसेच. एकच अक्षर दोन तऱ्हांनी उच्चारायचे, शब्द पाहून ठरवायचे, हे ते पहिलीतच करते. सीचा क आणि सीचा स हे त्याला तिथून समजावता येते. मराठीत ‘टेबलावर’ म्हणताना ‘वर’ मागे येतो, इंग्रजीत तो पुढे जातो, आणि क्रियापद वाक्याच्या शेवटून मध्ये येते. या दोन हालचाली खेळ म्हणून, शब्दांच्या पट्ट्या जमिनीवर मांडून करता येतात. ए आणि द मराठीत नाहीत, म्हणून ते कायम गळतात, त्यावर रागावण्यात अर्थ नाही. उलट, मी आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, फळ खाल्ले, यांतले क्रियापद मराठीत तीन वेळा बदलते, इंग्रजीत एकदाही नाही. इंग्रजी एका बाबतीत तुझ्या भाषेपेक्षा सोपी आहे, हे मुलाला कोणी सांगितले तर त्याचा चेहरा उजळेल. अहिराणी आणि कोकणा बोलणाऱ्या मुलांसाठी अशी तुलना अजून कोणीतरी बसून करायची आहे, आणि ती करण्याची ठिकाणे नाशिकमध्येच आहेत: आदिवासी विकास आयुक्तालय, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, मुक्त विद्यापीठ.

सेवेतल्या शिक्षकांसाठी झालेली कामे थोडी नाहीत. औरंगाबादच्या राज्य इंग्रजी संस्थेने वर्षानुवर्षे शिक्षक घडवले. ब्रिटिश कौन्सिलच्या साथीने प्राथमिक आणि माध्यमिकसाठी मोठी प्रशिक्षणे झाली. पण बहुतेक प्रशिक्षणे धबधब्यासारखी वरून खाली येतात. राज्यातला तज्ज्ञ जिल्ह्याच्या सुलभकाला सांगतो, तो तालुक्याला, तालुका केंद्राला, आणि खाली पोचेपर्यंत इंग्रजीतले प्रशिक्षण मराठीत झालेले असते. टाटा ट्रस्टच्या मदतीने २०१६ नंतर नऊ जिल्ह्यांत चाललेल्या ‘तेजस’ उपक्रमाने यावर चांगला तोडगा काढला होता: परिसरातल्या शिक्षकांचे छोटे गट, ठरलेल्या दिवशी भेटणे, आपसात इंग्रजीत बोलणे, वर्गात काय जमले ते सांगणे. उपक्रमाची मुदत संपते, पण गट टिकवायला पैसा फारसा लागत नाही. आपल्याकडे केंद्रावर दरमहा शिक्षण परिषद होतेच.

पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने तयार केलेला ‘वी लर्न इंग्लिश’ हा रेडिओचा अभ्यासक्रम मला या सगळ्यात सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आकाशवाणीवरून आवाज येतो, प्रश्न विचारतो, थांबतो. त्या थांब्यात वर्गातली मुले उत्तर देतात, आणि शिक्षकही मुलांबरोबर शिकतो. शिक्षकाचे इंग्रजी कमी आहे हे लपवायचे कारण उरत नाही. वर्गात चांगले इंग्रजी आणण्याची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या घशावर टाकलेली नाही, एवढ्यानेच त्याचे ओझे अर्धे होते. दोनशिक्षकी शाळांसाठी असे आणखी हवे.

निकालांकडे पाहायचे तर ‘असर’च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण पाचवीच्या मुलांपैकी साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकणारी २०१६ मध्ये २४.७ टक्के होती आणि २०२२ मध्ये २४.५ टक्के. आठवीत ४५.३ वरून ४६.७. सहा वर्षांत जवळजवळ काही हलले नाही. चौदा ते अठरा वयाच्या मुलांची २०२३ ची पाहणी सांगते की ५७.३ टक्के वाक्ये वाचतात, आणि वाचणाऱ्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांशांनाच अर्थ सांगता येतो. हे वाचनाचे आकडे झाले. बोलणे कोणी नीट मोजत नाही, तोंडी गुणांचे काय होते तेही आपण पाहिले आहे. २०१९ च्या दहावीत भाषांचे तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण काढून टाकले गेले आणि राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत आले. या सगळ्या गदारोळात तोंडी परीक्षेत मुले काय बोलतात, त्यांना कोण ऐकते, यावर चर्चा झाली नाही. आणि दरम्यान सेमी इंग्रजीच्या वर्गांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणे सुरूच आहे. तिथे शिक्षकाची अपुरी तयारी एका विषयापुरती राहत नाही, अपूर्णांकही हातचे जातात.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातूनही आलेल्या प्रकरणांत, निकाल दिला की पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही टीईटी उत्तीर्ण व्हावे लागेल, आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. तेव्हापासून पंधरा-वीस वर्षे शिकवलेले शिक्षक संध्याकाळी गाइड घेऊन बसले आहेत. इंग्रजीच्या तीस प्रश्नांसाठी समानार्थी शब्द आणि काळाचे प्रकार पाठ होत आहेत. एवढ्या मोठ्या संख्येने शिक्षक इंग्रजीचे पुस्तक उघडून बसले आहेत, असा काळ पुन्हा येणार नाही, आणि त्यांची ती मेहनत गोल काळे करण्यात जावी याचे मला मनापासून वाईट वाटते. तीसपैकी दहा प्रश्न ऐकून उत्तर देण्याचे असते, तरी हेच शिक्षक आज रात्री फोनवर गोष्टी ऐकत बसले असते.

हा बदल परीक्षा परिषदेच्या हातात आहे, तो होईल तेव्हा होईल. केंद्रातल्या शिक्षण परिषदेला मात्र कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. दर महिन्याला पहिली चाळीस मिनिटे प्रोजेक्टर बंद ठेवावा, परिपत्रके नंतर वाचावीत. दर वेळी दोन शिक्षकांनी पहिलीच्या मुलांना सांगतात तशी एक गोष्ट इंग्रजीत सांगावी, चित्रे दाखवत, हातवारे करत, अडखळत. बाकीच्यांनी मुले होऊन ऐकावे, प्रश्न विचारावेत, हसावे. केंद्रप्रमुखांनीही आपली पाळी घ्यावी. सुरगाण्याच्या केंद्रात ती गोष्ट कोकणा बोलीत सुरू झाली आणि इंग्रजीत संपली तर फारच चांगले.